ध्यानचंद मोठे की धनराज?

धनराज पिल्लेने भारतासाठी किती गोल केले? सामन्यांचा आकडा मिळतो, ३३९. गोल मात्र ‘१७० च्या आसपास’ असे सांगितले जातात आणि ते ‘आसपास’ काही केल्या सुटत नाही, कारण त्या काळी आपल्या हॉकीत खेळाडूनिहाय गोलांचा पक्का हिशेब कुणी ठेवतच नव्हते. हा काळ १९८९ ते २००४ चा, काही पुराणकाळ नव्हे. गावसकरच्या धावा, तेंडुलकरची शतके लहान पोरांना तोंडपाठ असलेला हा देश. त्याच देशात चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा आणि चार चॅम्पियन्स ट्रॉफी खेळलेल्या खडकीच्या या फॉरवर्डचे गोल आपण अंदाजपंचे मोजतो.

आता जगाच्या दुसऱ्या टोकाला पाहा. ६ एप्रिल २०२५ रोजी अलेक्झांडर ओवेचकिन या रशियन खेळाडूने उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, ८९५ वा गोल केला आणि वेन ग्रेट्स्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला. ही बर्फावरची हॉकी. सामना न्यूयॉर्क आयलँडर्सशी होता, समोर गोलरक्षक इल्या सोरोकिन होता, दुसऱ्या सत्राची ७ मिनिटे २६ सेकंद झाली होती. सगळे नोंदलेले आहे. त्यामुळे ‘ग्रेट्स्की मोठा की ओवेचकिन’ हा वाद तिकडे निदान कागद समोर ठेवून घालता येतो.

असाच वाद आपल्याकडेही आहे, फक्त कागदाविना. ज्येष्ठ मंडळी ध्यानचंदांचे नाव घेतात आणि विषय तिथेच मिटवतात. पंजाबकडचे लोक बलबीर सिंग सीनियर यांच्याकडे बोट दाखवतात. ज्यांनी नव्वदच्या दशकात लांब केस उडवत डीमध्ये, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळात, घुसणारा धनराज पाहिला, त्यांना बाकीचे दोघे भिंतीवरच्या तसबिरी वाटतात. तिघेही फॉरवर्ड. पण मधल्या पाऊणशे वर्षांत खेळाचे नाव तेवढे राहिले. मैदान, स्टिक, नियम आणि समोरचे संघ सगळे बदलले. मग तुलना करूच नये का? माझ्या मते जरूर करावी. हत्यारे बर्फाच्या हॉकीकडून उसनी आणावीत आणि आपल्याकडे आल्यावर ती कुठे बोथट होतात, तेही पाहावे.

बर्फाच्या हॉकीत गोलरक्षक धरून एका संघाचे सहा जण रिंकवर असतात, त्यांतले तीन फॉरवर्ड. चेंडूऐवजी रबराची चपटी चकती, तिला पक म्हणतात. वीस-वीस मिनिटांची तीन सत्रे. फॉरवर्ड एका दमात पाऊण मिनिटभर जीव तोडून खेळतो आणि बाहेर येऊन बसतो. तोवर दुसरी तिकडी आत गेलेली असते. ग्रेट्स्कीने १९८१-८२ च्या हंगामात ८० सामन्यांत ९२ गोल केले. एका हंगामातला हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. ओवेचकिनचा सर्वोत्तम हंगाम २००७-०८ चा, ८२ सामन्यांत ६५ गोल.

९२ विरुद्ध ६५, म्हणजे निकाल लागलाच असे वाटेल. पण ग्रेट्स्कीच्या त्या हंगामात दोन्ही संघांचे मिळून सामन्यामागे सरासरी आठ गोल होत होते, ओवेचकिनच्या हंगामात साडेपाचच्या आसपास. आजोबांच्या पगाराची नातवाच्या पगाराशी तुलना करताना महागाई धरावी लागते, तसेच इथे गोलाचा त्या-त्या वर्षीचा भाव धरावा लागतो. दोन्ही हंगाम सामन्यामागे सहा गोल या एकाच मापावर आणू. ग्रेट्स्कीच्या ९२ ला सहाने गुणून आठने भागले की ६९ येतात. ओवेचकिनच्या ६५ ला सहाने गुणून साडेपाचने भागले की ७१ च्या जवळ जातात. एकाने ८० सामने खेळले, दुसऱ्याने ८२. तेही धरले तर दोघांचा वेग सामन्यामागे ०.८६ गोलांवर येऊन थांबतो. सत्तावीस गोलांची दरी एका भागाकारात बुजते.

मधल्या काळात गोल महागले ते गोलरक्षकांमुळे आणि प्रशिक्षकांमुळे. गोलरक्षकांची पॅड्स मोठी झाली. गुडघे टेकून बर्फालगतची जागा झाकायची ‘बटरफ्लाय’ पद्धत रुळली. प्रशिक्षकांनी रिंकच्या मधल्या पट्ट्यात सापळे लावून हल्ले तिथेच गुदमरवायला सुरुवात केली.

या भागाकाराला मर्यादा आहेत. मॉरिस रिचर्डने १९४४-४५ मध्ये ५० सामन्यांत ५० गोल केले, तेव्हा लीगमध्ये सहाच संघ होते आणि कित्येक खेळाडू महायुद्धावर गेलेले होते. गॉर्डी हाउचे ८०१ गोल झाले, पण तो वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत खेळत राहिला. युद्ध आणि बावन्नाव्या वर्षीचे गुडघे कुठल्या सरासरीत बसवणार?

तरी एनएचएलच्या वहीतली सर्वांत शहाणी नोंद गोलांची नाही, गोलाआधीच्या पासांची आहे. गोल झाला की त्याआधी पक ज्यांच्याकडून आला, अशा जास्तीत जास्त दोघांच्या खात्यात एकेक ‘असिस्ट’ जमा होतो. गोल आणि असिस्ट मिळून खेळाडूचे गुण. ग्रेट्स्कीच्या नावावर १,९६३ असिस्ट आहेत. गुणांच्या सर्वकालीन यादीत दुसरा असलेला यारोमीर यागर, त्याचे गोल आणि असिस्ट मिळून गुण होतात १,९२१. म्हणजे ग्रेट्स्कीने आयुष्यात एकही गोल केला नसता, तरी यादीत तोच पहिला राहिला असता. ८९४ गोलांचा विक्रम मोडला गेला म्हणून त्याच्या मोठेपणाला धक्का लागत नाही तो यामुळे.

हे सगळे घेऊन ध्यानचंदांकडे जाऊ.

१९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही स्वीकारला नाही. त्यांतले १४ ध्यानचंदांचे. १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये स्पर्धेत संघच तीन होते: भारत, जपान, अमेरिका. भारताने जपानला ११-१ आणि अमेरिकेला २४-१ असे हरवले. अमेरिकेविरुद्ध ध्यानचंदांचे आठ गोल आणि त्यांचे धाकटे भाऊ रूपसिंग यांचे दहा. १९३६ ला बर्लिनमध्ये पाच सामन्यांत ३८ गोल, विरुद्ध एकच. तीन ऑलिंपिकची बेरीज केली तर बारा सामने, केलेले गोल १०२, झालेले तीन.

या आकड्यांनी डोळे दिपतात आणि लगेच शंकाही येते. सामन्यामागे साडेआठ गोल एकट्या भारताचे! एनएचएलच्या कुठल्याही संघाला हंगामभर इतक्या स्वस्तात गोल मिळाले नाहीत. वर ज्या देशाने हा खेळ नियमांत बसवला, तो ब्रिटन १९२० चे सुवर्णपदक जिंकल्यावर १९४८ पर्यंत ऑलिंपिक हॉकीत उतरलाच नाही. ध्यानचंदांची ऑलिंपिकमध्ये ब्रिटनशी कधी गाठच पडली नाही.

मग ध्यानचंदांचे गोल भावात कमी करायचे? इथे मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते आणि ती मुंबईची आहे. ॲमस्टरडॅमला निघण्याआधी हा संघ मुंबईत एक सामना खेळला आणि मुंबई इलेव्हनकडून २-३ असा हरला. मार्च १९२८ मध्ये ‘कैसर-ए-हिंद’ बोटीवर चढताना निरोपाला मोजकीच माणसे होती. पुढे ॲमस्टरडॅममध्ये ज्यांच्यावर कुणाला एकही गोल चढवता आला नाही, त्यांच्यावर मुंबईच्या पोरांनी तीन चढवले होते. १९३६ ला बर्लिनला जाण्यापूर्वीही दिल्लीच्या एका संघाने ऑलिंपिक संघाला ४-१ असे लोळवले. जगातली सर्वांत अवघड हॉकी त्या काळात ऑलिंपिकमध्ये खेळली जातच नव्हती. ती मुंबईच्या आगा खान चषकात, कलकत्त्याच्या बेटन चषकात, लष्कराच्या पलटणींमध्ये आणि रेल्वेच्या संघांमध्ये खेळली जात होती. ध्यानचंदांना मोजायचे तर त्या मैदानांवर मोजायला हवे. आणि त्या मैदानांची नोंदवही आपल्याकडे विस्कळीत आहे.

तोवर हातात आहे त्यावर एक साधे गणित करता येते. समोरचा संघ दुबळा असला तर गोल सगळ्यांचेच वाढतात. पण संघाच्या एकूण गोलांत एकाचा वाटा किती, हे प्रमाण त्या दुबळेपणाने फारसे बिघडत नाही. ॲमस्टरडॅममध्ये ध्यानचंदांचा वाटा २९ पैकी १४, म्हणजे ४८ टक्के. लॉस एंजेलिसमध्ये ३५ पैकी १२, म्हणजे ३४ टक्के. १९३५ च्या न्यूझीलंड दौऱ्यात भारताने ४८ सामन्यांत ५८४ गोल केल्याचे सांगतात. त्यांतले २०१ ध्यानचंदांचे, पुन्हा ३४ टक्के. (ते सगळे सामने खेळलेही नव्हते, ४३ खेळले.)

वाटा ४८ वरून ३४ वर का आला? ॲमस्टरडॅममध्ये रूपसिंग नव्हते, नंतर शेजारी इनसाइड लेफ्टला आले. ध्यानचंदांची धार कमी झाल्याची कुठे खूण नाही. ते चेंडू सोडू लागले होते, इतकेच. जगात त्यांचे नाव गोलांचा पाऊस पाडणारा जादूगार म्हणून गाजले, पण हा ३४ चा आकडा पाहून मला ते ग्रेट्स्कीच्या जातीचे वाटतात. आपल्या हॉकीने असिस्ट मोजले असते, तर कदाचित ध्यानचंदांचे गोल ही दुय्यम नोंद ठरली असती.

गोलांची नोंद तरी धड आहे का? १५ ऑगस्ट १९३६, बर्लिनची अंतिम लढत, भारत ८, जर्मनी १. पावसामुळे सामना एक दिवस पुढे गेला होता, मैदान ओले होते, मध्यंतराला भारत एकाच गोलाने पुढे होता. त्या सामन्यात ध्यानचंदांचे गोल किती? काही नोंदी तीन म्हणतात, काही सहा. ऑलिंपिकची अंतिम लढत, हजारो प्रेक्षक, जगभरचे वार्ताहर, आणि जगातल्या सर्वांत विख्यात हॉकीपटूच्या गोलांत दुपटीचा फरक. तिकडे ओवेचकिनच्या गोलाचा सेकंदही माहीत आहे.

आता बलबीर. १९४८ ला लंडनमध्ये ते दोनच सामने खेळले. अर्जेंटिनाविरुद्ध ९-१ मधले सहा गोल त्यांचे. मग त्यांना बाहेर बसवले आणि थेट अंतिम सामन्यात, वेम्बलीवर, ब्रिटनविरुद्ध आत घेतले. भारत ४-० ने जिंकला, त्यांतले दोन बलबीर यांचे. स्वतंत्र भारताचे हे पहिले ऑलिंपिक सुवर्ण, आणि समोर होता कालपरवापर्यंतचा राज्यकर्ता. त्या संघातले लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, मॅक्सी वाझ ही मुंबईची, मुळात गोव्याकडची मंडळी. मुंबईच्या हॉकीत तेव्हा असे डिसोझा, फर्नांडिस, पिंटो, कार्व्हालो पिढ्यानपिढ्या तयार होत होते.

१९५२ ला हेलसिंकीत भारताने तीन सामन्यांत १३ गोल केले, त्यांतले नऊ एकट्या बलबीर यांचे. अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध ६-१, त्यात पाच. पुरुषांच्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात एकाच खेळाडूचे इतके गोल पुन्हा झाले नाहीत. वाट्याचे गणित लावले तर लंडनला ते खेळलेल्या दोन सामन्यांत १३ पैकी आठ, म्हणजे ६२ टक्के; हेलसिंकीत ६९ टक्के. ध्यानचंदांच्या दुप्पट!

इथेच हे हत्यार बोथट होते. बलबीर यांचा वाटा दुप्पट, म्हणून ते दुप्पट मोठे असे नाही. त्यांच्या फळीतले के. डी. सिंग ‘बाबू’ यांच्यासारखे इनसाइड फॉरवर्ड चेंडू तयार करून देत आणि बलबीर डीच्या टोकावर तो संपवत. गोल संपवणे ही वेगळी कला आहे आणि त्या कलेत बलबीर यांच्या तोडीचा सेंटर फॉरवर्ड भारताने पुन्हा पाहिलेला नाही, असे माझे मत आहे. पण हा वाटा म्हणजे संघातल्या कामाची वाटणी असते. माणसाची उंची त्यातून पूर्ण कळत नाही. बाबूंची उंची तर मुळीच कळत नाही.

मेलबर्नला १९५६ मध्ये कर्णधार बलबीर बोटाला झालेली इजा घेऊन खेळले. पाकिस्तानविरुद्धचा अंतिम सामना १-० असा सुटला आणि तो एकमेव गोल फॉरवर्डचा नव्हताच. तो होता फुलबॅक रणधीर सिंग जेंटल यांचा, पेनल्टी कॉर्नरवर. पुढच्या सत्तर वर्षांत हॉकी कुठल्या दिशेने जाणार होती, हे त्या गोलात दिसले होते.

स्पर्धा वाढली की तारे खुजे का दिसू लागतात, याचे एक सुंदर उत्तर हॉकीबाहेरून आले. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड हा बेसबॉलवेडा माणूस होता. बेसबॉलमध्ये १९४१ साली टेड विल्यम्सने ०.४०६ ची फलंदाजी सरासरी गाठली, त्यानंतर पूर्ण हंगामात कुणालाच ०.४०० ओलांडता आले नाही. लोक म्हणत, पूर्वीसारखे फलंदाज राहिले नाहीत. गूल्डने आकडे मांडून उलटे दाखवले. सर्वसाधारण खेळाडू सुधारला. त्यामुळे उत्तम आणि सामान्य यांच्यातले अंतर आक्रसले. माणसाच्या शरीराला एक कमाल मर्यादा आहे. सगळे जण त्या मर्यादेकडे सरकले की शिखरावरचा माणूस पूर्वीइतका उठून दिसत नाही. तो खाली आलेला नसतो, पायथा वर आलेला असतो.

हॉकीत हे फार स्पष्ट दिसते. फाळणीनंतर पाकिस्तान उभा राहिला आणि १९६० ला रोममध्ये त्याने भारताचे सुवर्ण हिसकावले. मग जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया. उलटा पुरावाही आहे. १९८० ला मॉस्कोवर बहिष्कार पडला. पाकिस्तान, पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स कुणीच हॉकीला आले नाही. सहा संघांच्या त्या स्पर्धेत भारताने टांझानियाला १८-० आणि क्युबाला १३-० हरवले. १९३२ चे आकडे अचानक परत आले! म्हणजे बचाव आणि प्रतिस्पर्धी काढून घेतले की कुठल्याही दशकात ‘सुवर्णकाळ’ तयार होतो. (अंतिम सामन्यात स्पेनने मात्र ४-३ पर्यंत दम काढायला लावला.)

धनराजला नेमका हा वर आलेला पायथा वाट्याला आला. शिवाय त्याच्या पायाखालचे मैदानही बदलले. १९७५ चा विश्वचषक भारताने क्वालालंपूरला गवतावर जिंकला. अंतिम सामन्यात विजयी गोल केला तो ध्यानचंदांचे पुत्र अशोककुमार यांनी. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिक पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाले आणि भारत सातवा आला. गवतावर चेंडू उडतो, अडखळतो. त्याला स्टिकजवळ बांधून ठेवणारा खेळाडू राजा असतो. टर्फवर चेंडू सरळ आणि वेगात जातो. तिथे लांब पास, धाव आणि दमसास यांना किंमत येते. १९९० च्या दशकात खेळाडूंची मुक्त अदलाबदल सुरू झाली. ध्यानचंदांच्या काळी बदली खेळाडूच नव्हता, अकरा जणांनीच सामना संपवायचा. आता बचावपटू दमला की ताजा येतो. फॉरवर्डला शेवटच्या दहा मिनिटांत थकलेली बचावफळी मिळत नाही.

सगळ्यांत मोठा बदल ऑफसाइडचा. जुन्या नियमात फॉरवर्ड आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असावे लागत. १९७२ पासून दोन पुरेसे झाले. १९९६ ला ऑफसाइड प्रयोग म्हणून काढून टाकला आणि १९९८ ला कायमचा. ऑफसाइड होता तेव्हा फॉरवर्डला गोलाजवळ ठाण मांडता येत नसे. त्याला मागून यावे लागे, पासची वेळ साधावी लागे किंवा दोघातिघांना चकवून जावे लागे. ध्यानचंद, बलबीर, मोहम्मद शाहिद यांची कला या बंधनातून घडली. ऑफसाइड गेल्यावर फॉरवर्ड थेट गोलरक्षकाच्या पुढ्यात उभा राहून येणाऱ्या चेंडूला नुसती स्टिक लावू शकतो. दोन्ही कौशल्ये खरीच, पण जात वेगळी. धनराजच्या कारकिर्दीची पहिली सहा-सात वर्षे ऑफसाइडमध्ये गेली आणि उरलेली त्याविना. एकाच माणसाने दोन खेळ खेळले म्हणा ना.

त्याचे घडणे पाहिले की हे आणखी पटते. जन्म १६ जुलै १९६८, खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत. वडील मैदानाची देखभाल करणारे. घर तमिळ, भाषा गल्लीतली मराठी-हिंदी. मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन भाऊ वसाहतीच्या मैदानावर खेळत. धनराजचे दैवत होते बनारसचा शाहिद. त्याचे ड्रिबलिंग तो गिरवत असे. म्हणजे शाळा गवता-मातीची आणि परीक्षा टर्फवर. थोरला भाऊ रमेश मुंबईत आरसीएफ कंपनीकडून खेळत होता. त्याच्यापाठोपाठ ऐंशीच्या दशकाच्या मध्याला धनराज मुंबईत आला, पुढे महिंद्राच्या संघात गेला, तिथे जोकिम कार्व्हालोंचे मार्गदर्शन मिळाले. कंपन्यांच्या संघांची मुंबईतली लीग तेव्हा खरी हॉकी अकादमी होती. नोकरी मिळे आणि दर आठवड्याला कसदार सामना मिळे.

त्याच्या काळात भारत ऑलिंपिकमध्ये सातवा, आठवा, सातवा, सातवा आला. ध्यानचंद आणि बलबीर यांची प्रत्येकी तीन सुवर्णे, धनराजचे शून्य. पदकांवर मोजले तर चर्चाच नको. पण २००० ला सिडनीत पोलंडविरुद्ध जिंकले की उपांत्य फेरी, अशा सामन्यात अगदी अखेरीस बरोबरीचा गोल बसला तो भारताच्या बचावावर. त्याचा हिशेब फॉरवर्डच्या नावे कसा मांडायचा? १९९८ ला बँकॉकमध्ये बत्तीस वर्षांनी भारताने आशियाई सुवर्ण जिंकले, तेव्हा कर्णधार धनराज होता आणि त्या स्पर्धेत त्याचे दहा गोल होते. बक्षीस म्हणून त्याच्यासह अनेक प्रमुख खेळाडूंना पुढच्या संघातून वगळले गेले. १९९४ च्या विश्वचषकानंतर निवडलेल्या जागतिक संघात तो होता. २००२ च्या कलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. प्रतिस्पर्ध्यांच्या नजरेतली किंमत हे माझ्या लेखी पदकाइतकेच वजनदार माप आहे.

आणि त्याचे खरे काम गोलांत मोजलेच जात नव्हते. वेगाने डीमध्ये शिरायचे, बचावपटूला चूक करायला लावायची, चेंडू त्याच्या पायाला लागला की पेनल्टी कॉर्नर. गोल करतो दुसराच. आजचे टोक पाहा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताने आठ सामन्यांत १५ गोल केले, त्यांतले दहा कर्णधार हरमनप्रीत सिंगचे. वाटा ६७ टक्के, जवळपास हेलसिंकीच्या बलबीर यांच्याएवढा. पण हरमनप्रीत फॉरवर्ड नाहीच, तो बचावपटू. त्याचे गोल पेनल्टी कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोकचे. ते कॉर्नर मिळवून देणारे फॉरवर्ड गुणफलकावर दिसत नाहीत. नुसत्या गोलांवरून निष्कर्ष काढला तर भारताकडे आज फॉरवर्डच नाहीत असे म्हणावे लागेल.

या न मोजण्याचा सगळ्यांत मोठा फटका मुंबईच्या इनसाइड फॉरवर्डना बसला. मर्व्हिन फर्नांडिस मॉस्कोच्या सुवर्णविजेत्या संघात होते, नंतर लॉस एंजेलिस आणि सोलही खेळले. त्यांना पाहिलेले लोक अजूनही त्यांच्या पासांविषयी बोलताना हात हवेत फिरवून दाखवतात, कारण दाखवायला आकडा नाही. असिस्टची एक ओळ असती तर ते शाहिदच्या शेजारी बसले असते की नाही, हे सांगता आले असते.

मोजायला आजही उशीर झालेला नाही, आणि त्यासाठी महासंघाची वाट पाहायचीही गरज नाही. उदाहरणार्थ, मीरा-भाईंदरच्या मोरव्यात राहणाऱ्या कुणाला टर्फवरची हॉकी पाहायची असेल, तर राई-मुर्ध्यावरून भाईंदर स्टेशन गाठायचे आणि चर्चगेटची लोकल धरायची. चाळीसेक किलोमीटरचा प्रवास. पण चर्चगेटला उतरले की महिंद्रा हॉकी स्टेडियम पायी काही मिनिटांवर आहे. याच परिसरात वाढून युवराज वाल्मीकीसारखा फॉरवर्ड भारतीय संघापर्यंत पोहोचला. तिथे बसून एका फॉरवर्डवर नजर ठेवायची आणि चार गोष्टी टिपायच्या: तो चेंडूसह किती वेळा डीमध्ये शिरला, त्यातून किती पेनल्टी कॉर्नर मिळाले, गोलाआधीचा शेवटचा किंवा त्याआधीचा पास किती वेळा त्याचा होता, आणि तो बाहेर बसलेला असताना संघाने किती हल्ले केले. शेवटचा आकडा सर्वांत बोलका. बर्फाच्या हॉकीत एखादा खेळाडू रिंकवर असताना दोन्ही संघांचे गोल किती झाले, याची बेरीज-वजाबाकी कित्येक दशकांपासून ठेवतात.

तोवर मला कुणी ध्यानचंद की धनराज असे विचारलेच, तर मी क्रमांक लावत नाही, जुन्या पद्धतीची पाच जणांची आघाडीची फळी लावतो. सेंटर फॉरवर्डला बलबीर, कारण चेंडू संपवायला त्यांच्याइतका भरवशाचा कुणी नाही. इनसाइड लेफ्टला ध्यानचंद. ते आयुष्यभर सेंटर फॉरवर्ड होते हे मान्य, पण ३४ टक्क्यांचा तो आकडा मला त्यांना एक पाऊल मागे, पास देण्याच्या जागी ठेवायला सांगतो. इनसाइड राइटला शाहिद. उजव्या बगलेवर धनराज, ऑफसाइडचा नियम कुठलाही लावा. डाव्या बगलेची जागा मी रूपसिंगना देईन; ते तिथले नव्हेत आणि बाबू, मर्व्हिन, अशोककुमार बाहेर बसले, म्हणून यावर भांडायला येणाऱ्यांनी आपापले आकडे घेऊन यावे.